खदानीवरचं प्रसूतिगृह

मी इंग्लंडमध्ये सुईणीचं काम करते. तिकडे त्याला मिडवाइफ म्हणतात, त्याचं रीतसर शिक्षण असतं, आणि बाळंतपण सरळ असेल तर डॉक्टर खोलीत डोकावतही नाही. पण मराठीत सुईण म्हटलं की माझ्या वहिनीला कसंसंच होतं. पाटणकर बाजारात कोणी ओळखीचं भेटलं की ती घाईने सांगते, "आमच्या वन्सं तिकडे मोठ्या हॉस्पिटलमध्ये आहेत," आणि विषय बदलते.

मी ग्वाल्हेरचीच. शहराच्या लष्कर भागात जन्मले, तिथेच शिकले, लग्न होऊन इंग्लंडला गेले. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेने गेल्यावर घर रिकामं झालं. वॉर्डातल्या माझ्या सहकारी मुली सुट्टी काढून आफ्रिकेत, नेपाळात सेवा करायला जात. परत आल्या की त्यांच्या चेहऱ्यावर एक तेज असे, ते मला हवंसं वाटायचं. त्यांना तर तिथली भाषाही येत नव्हती. मला वाटलं, माझ्याकडे भाषा आहे, माणसं आहेत, गाव आहे. मी कुठे परक्या देशात जाणार आहे? पण माझा पासपोर्ट आता तिकडचा होता. परकी मीच होते, आणि हे ग्वाल्हेरला पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

शहराबाहेर दगडाच्या खदानी आहेत. महाराष्ट्रात खाण म्हणतात, आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीत खदान. तिथे फर्शीचा दगड काढणाऱ्या मजुरांची वस्ती आहे, आणि वस्तीच्या तोंडाशी एका संस्थेने आरोग्य केंद्र बांधलेलं आहे. संस्थेच्या अध्यक्षबाई मराठीच, जुन्या दरबारी घराण्यातल्या. आमचे पूर्वज शिपाई म्हणून दक्षिणेतून आलेले, त्यामुळे भाऊ अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसतो. त्यानेच त्यांच्याशी माझं बोलणं करून दिलं. फोनवर त्या फार गोड बोलल्या. म्हणाल्या, तुमच्यासारखी आपली माणसं परत येतात, याहून मोठं काय? मी त्यांना स्पष्ट विचारलं होतं की माझी नोंदणी इंग्लंडमधली आहे, इथे मला बाळंतपण करू देतील का. त्या म्हणाल्या, ते सगळं होऊन जाईल, तुम्ही या तर खरं.

मी गेले. केंद्र सुरेख होतं. आत प्रसूतीची खोली होती, भिंतींना छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स, नवं कोरं टेबल, वर मोठा दिवा, आणि काचेच्या कपाटात लागतील ती सगळी हत्यारं. पहिल्याच दिवशी अध्यक्षबाईंनी ती खोली मला स्वतः दाखवली. मी टेबलावर हात फिरवला तर त्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. त्यांनी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

हळूहळू सगळा प्रकार कळला. त्या खोलीत कधीच बाळंतपण झालेलं नव्हतं. देणगीदार आले की ती उघडायची, फोटो काढायचे, पुन्हा बंद. बायकांना दिवस भरत आले की शहरातल्या सरकारी दवाखान्यात जा म्हणून सांगायचं. हे मला केंद्रातल्या सिस्टरने सांगितलं. ती आठवड्यातून काही दिवस येऊन लोहाच्या गोळ्या द्यायची, वजनं करायची. तिला तशीच सूचना होती. मी अध्यक्षबाईंना पुन्हा विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की कायद्याने तुम्हाला इथे बाळंतपण करता येत नाही, तुम्ही बायकांना फक्त मार्गदर्शन करा. कायद्याचं बरोबरच होतं. ते त्यांना फोनवरही माहीत होतं.

परत जावं असं मनात आलं होतं. पण तिकडे सगळ्यांना सांगून आले होते. वॉर्डात निरोपाचा केकसुद्धा कापला होता. आणि बायका यायला लागल्या होत्या.

त्या खदानीवर काम करणाऱ्या बायका होत्या. पोट पुढे आलेलं असलं तरी डोक्यावर दगड वाहायच्या. मी त्यांना खाली बसवून पोट तपासायचे, बाळाचं डोकं कुठे आहे ते त्यांच्याच हाताला लावून दाखवायचे. आपल्या हाताला बाळाचं डोकं लागलं की त्या एकदम गप्प व्हायच्या. मला त्या जिज्जी म्हणायच्या. तिकडच्या बोलीत मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. त्यांच्यात एक होती, जेमतेम विशीतली, पहिलटकरीण, हातांचे स्नायू पुरुषासारखे. तिला विलायतेतलं सगळं ऐकायचं असायचं. मी सांगितलं की तिकडे बाळंतपणाच्या वेळी नवरा खोलीत बायकोचा हात धरून उभा असतो.

"मरद भीतर?" ती म्हणाली. "और वो गिर पड़े तो उसे कौन उठाएगा?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण असे पडलेले नवरे मी उचललेले होते. त्या दिवसांत मी आनंदात होते, हे नाकारत नाही. घरी आल्यावर वहिनी म्हणायची, "वन्सं, तुमचे कपडे बाहेरच काढत जा हो, तिथे काय-काय इन्फेक्शन असतं." तेही मला खटकत नव्हतं.

मग एक दिवस भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, दगड वाहायची ट्रॅक्टरची ट्रॉली केंद्रासमोर येऊन थांबली. तीत तीच मुलगी होती. तिचा नवरा तिला शहरात न्यायला निघाला होता, पण वाटेत कळा इतक्या वाढल्या की तो केंद्राशी थांबला. मी चढून बघितलं तर बाळाचं डोकं दिसत होतं. पुढे जाण्यात अर्थच नव्हता. प्रसूतीच्या खोलीची किल्ली शहरात, सिटी सेंटर भागातल्या अध्यक्षबाईंच्या घरी. सिस्टरने फोन लावला, तो उचलला गेला नाही. आम्ही व्हरांड्यात सतरंजी टाकली, सिस्टरने आपली ओढणी आडवी बांधली, आणि तिथेच ती बाळंत झाली. मुलगी झाली. निळी आणि निपचित.

मी तिला पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. ती श्वास घेईना. श्वास द्यायचा रबरी फुगा कपाटात होता. खिडकीतून मला तो दिसत होता. मी तोंडाने श्वास द्यायला सुरुवात केली आणि मधे मान वर करून बाळाच्या बापाला म्हटलं, "ताला तोड़ दो." चौकीदार म्हणाला, बाईसाहेबांना विचारल्याशिवाय नाही. बापाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ट्रॉलीतून दगड फोडायचा घण आणला आणि कुलूप कडीसकट उखडलं. सिस्टरने फुगा आणून दिला. थोड्या वेळात बाळाच्या छातीत काहीतरी हललं आणि ते रडलं. किरकिरं, रागावल्यासारखं रडणं. मला त्याहून गोड काही ऐकल्याचं आठवत नाही.

पण तेवढ्यात आईला रक्तस्राव सुरू झाला. रक्त थांबवायचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं. मी सिस्टरला फ्रिज बघायला सांगितलं. ती बघून आली आणि मान हलवली. फ्रिजमध्ये पाहुण्यांसाठी पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या होत्या. इंजेक्शन कोणी कधी आणलंच नव्हतं, कारण इथे बाळंतपणं होत नाहीत. आम्ही तिला उचलून ट्रॉलीत घेतलं. मग एक मूठ आतून आणि एक हात पोटावरून, असं गर्भाशय दोन्हींच्या मधे दाबून धरून मी ट्रॉलीत तिच्याशेजारी गुडघे टेकले, आणि सरकारी दवाखाना येईपर्यंत हात सोडला नाही. बाळ सिस्टरने छातीशी धरलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टर मुली भराभर धावल्या. त्यांनी रक्त चढवलं, इंजेक्शनं दिली. ती वाचली. संध्याकाळी तिने डोळे उघडून मला विचारलं की बाळाचं नाक कुणासारखं आहे.

घरी आले तेव्हा माझ्या कपड्यांवर रक्त वाळून कडक झालं होतं. वहिनी दारात आली, बघितलं आणि आत जाऊन गिझर लावला. भाऊ म्हणाला, "ताई, बाईसाहेबांचा फोन होता. नाराज आहेत. तू तर जरा सोचायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. चहा दिला, सोबत घरच्या चकल्या.

"तुम्ही आपल्या आहात म्हणून बोलते," त्या म्हणाल्या. "मूल गेलं असतं तर काय केलं असतं आपण?"

मी म्हटलं, "मूल जातच होतं. म्हणून तर कुलूप तोडलं."

"पण ते आपल्याकडे गेलं असतं ना."

हे त्या अगदी हळू, समजुतीच्या सुरात म्हणाल्या. मी एवढंच सांगितलं की इथली नोंदणी असलेली एक नर्स ठेवा, इंजेक्शनं आणा आणि खोली उघडा, मी तिच्या हाताखाली काम करीन. त्या म्हणाल्या, बघू या.

मग संस्थेचा वार्षिक कार्यक्रम आला. मला वाटलं होतं, माझं नावही कोणी काढणार नाही. पण अध्यक्षबाईंनी मला स्टेजवर बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं. खदानीवरच्या त्या मुलीलाही बोलावलं होतं, बाळासकट. तिला कुणीतरी नवी साडी नेसवली होती आणि ती पायांच्या अंगठ्यांवर नजर लावून उभी होती. माइकवरून सांगितलं गेलं की संस्थेच्या प्रसूतिगृहात पहिलं बाळ सुखरूप जन्माला आलं. टाळ्या झाल्या. बाळ माझ्या हातात दिलं आणि फोटो घेतले. व्हरांड्याचा, ट्रॉलीचा, कुलुपाचा उल्लेख नव्हता. भाऊ पहिल्या रांगेत बसून अभिमानाने टाळ्या वाजवत होता. मी तिथेच माइक मागून खरं काय ते सांगू शकले असते, असं नंतर पुष्कळांनी मला सुचवलं. त्या मुलीचा नवरा त्या दिवशी संस्थेच्या जीपमध्ये बसून आला होता आणि कुलूप त्यानेच तोडलं होतं, माझ्या बोलण्याची किंमत त्याला मोजावी लागली असती. मी गप्प राहिले.

फोटो स्थानिक पेपरात आला. संस्थेने त्याचा मोठा फलक करून केंद्राच्या गेटावर लावला. त्यात मी बाळ घेऊन हसते आहे आणि मागे प्रसूतीच्या खोलीचा फोटो जोडलेला आहे. त्याच आठवड्यात चौकीदाराला सूचना मिळाली की कळा सुरू झालेल्या बाईला आत घ्यायचं नाही, सरळ शहरात पाठवायचं. आणि मला सांगण्यात आलं की थोडे दिवस विश्रांती घ्या, प्रकरण शांत होऊ द्या.

मी सिस्टरला फोन करून म्हटलं, बायकांना नीट सांग, इथे बाळंतपण होत नाही. ती घरोघर जाऊन सांगून आली. त्यांनी ऐकून घेतलं. पण फोटोत दिसलेलं खोटं कसं असेल?

वस्तीत आणखी एक बाई होती. तिला दोन मुलं होती, तिसऱ्या खेपेला दिवस भरत आले होते. मी तिला तपासलेलं होतं. बाळ पोटात आडवं होतं. मी तिला आणि तिच्या सासूला समोर बसवून सांगितलं होतं की हे बाळ असं बाहेर येणारच नाही, ते पोट कापूनच काढावं लागेल, म्हणून कळांची वाट न बघता आधीच शहरात जाऊन राहा. मीसुद्धा इथे काही करू शकणार नाही, हेही सांगितलं होतं. सासूने मान डोलावली होती.

त्या घरची माणसं एका सकाळी तिला केंद्राशी घेऊन आली. कळा सुरू झाल्या होत्या. चौकीदार म्हणाला, शहरात जा. ते म्हणाले, जिज्जी येईल, तिची वाट बघतो. फलकाखालीच सावली होती, तिथे तिला बसवलं. सिस्टरची त्या दिवशी सुट्टी होती. माझा नंबर चौकीदाराकडे होता, पण त्याला मला बोलवायची मनाई होती. म्हातारा माणूस, त्याला नोकरी टिकवायची होती. दुपार कलायला लागली तेव्हा ती बोलेनाशी झाली, आणि मग त्यांनी ट्रॉली आणली. गर्भाशय फाटलं होतं. ती रस्त्यातच गेली, बाळ तिच्या आतच गेलं.

त्या वेळी मी भावाच्या घरी वहिनीबरोबर वाटाणे सोलत होते.

मला दुसऱ्या दिवशी सिस्टरकडून कळलं. भाऊ म्हणत होता, आता तिथे जाऊ नकोस, लोक परेशान करतील. मी रिक्षा करून गेले. घरासमोर माणसं बसली होती. कोणी मला अडवलं नाही, कोणी बस म्हटलं नाही. सासू भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यापुढे खाली बसले. म्हटलं, मी सांगितलं होतं ना आई, शहरात जा म्हणून.

ती म्हणाली, "तुमने कही, सहर जाओ. और फोटू में तुम यहीं बच्चा लिए खड़ी हो. हम तुम्हारी कौन सी बात मानते?"

तिचा आवाज चढला नाही. मग तिने आणखी एकच विचारलं, "जब रहना नहीं था, तो आईं काहे को थीं?"

घराच्या दारात ती दोन मुलं उभी होती. मोठीने धाकट्याला कडेवर घेतलं होतं. पलीकडे बायकांच्या घोळक्यात मला ती पहिली मुलगी दिसली, पदराखाली बाळ पीत होतं. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान दुसरीकडे वळवली आणि बाळाच्या डोक्यावरचा पदर नीट केला. मला राग आला. परतताना रिक्षात विचार करताना वाटलं, तिला तिथेच राहायचं आहे, त्याच सासूच्या शेजारी, त्याच नळावर पाणी भरायचं आहे. माझ्याशी बोलून तिला काय मिळणार होतं?

संध्याकाळी अध्यक्षबाईंचा फोन आला. त्यांना वाईट वाटलेलं होतं, आवाजात ते खरं होतं. त्या म्हणाल्या, "फार दुःखद झालं. पण एक देवाची कृपा, जे झालं ते गेटच्या बाहेर झालं."

मी विचारलं, "तो फलक आज उतरवाल का?"

त्या म्हणाल्या, समितीपुढे ठेवते. मी फोन ठेवला. भाऊ समोर उभा होता, त्याला वाटत होतं मी काही बोलेन आणि त्याची पंचाईत होईल. मी त्याला ओलांडून आत गेले. नंतर मी पेपरच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगून आले. तिथल्या तरुण मुलाने सभ्यपणे ऐकून घेतलं, मॅडम, बाइट देंगी क्या म्हणून मोबाइल पुढे धरला, मी त्यात बोलले. त्याचं पुढे काही झालं नाही. सरकारी ऑफिसातही गेले. तिथे विचारलं गेलं की मुळात आपण इथे कोणत्या अधिकाराने बाळंतपण केलंत. प्रश्न योग्यच होता.

मी तिकीट बदलून लवकर निघाले. निघायच्या आदल्या दिवशी वहिनी माझ्या खोलीत आली, माझ्या घडी घातलेल्या कपड्यांच्या उगाच पुन्हा घड्या घालू लागली. मग म्हणाली, "पण वन्सं, ती एक तर तुमच्यामुळे वाचली ना. आणि तिची मुलगी."

"हो," मी म्हटलं.

"तर मग."

तिला माझं भलं करायचं होतं. मी आयुष्यभर हिशोबाने वागले नाही आणि तो हिशोब मला करवेना. दोन वाचल्या, दोन गेले, असं म्हणून कोण झोपू शकतं? मी तिला म्हटलं, चल, चहा करू. ती निमूट उठली. त्या दिवशी शेजारीण आली तेव्हा वहिनीने तिला सांगितलं, "आमच्या वन्सं सुईण आहेत." मी स्वयंपाकघरातून ऐकलं. कधी काळी मला ते ऐकायला किती आवडलं असतं.

आता मी पुन्हा माझ्या वॉर्डात आहे. इथे खोल्या उघड्या असतात, इंजेक्शन हाताशी असतं, आणि माझं मत विचारलं जातं. परत आल्यावर मुली मला भोवती घेऊन बसल्या, सांग म्हणाल्या. मी थोडं सांगितलं. पहिल्या मुलीपर्यंत आले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. पुढचं सांगितलं तेव्हा एकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली की तू तुला जमेल ते सगळं केलंस. इथे असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्येक वाईट बाळंतपणानंतर आम्ही एकमेकींना हेच म्हणतो.

त्यांच्यातली एक तरुण मुलगी पुढच्या उन्हाळ्यात बाहेरच्या देशात सेवेला जाणार होती. तिने मला वेगळं गाठून सल्ला विचारला. मी तिला म्हटलं, जाऊ नकोस. ती चपापली. मग मी म्हटलं, जायचंच असेल तर आधी विचार, तिथे तुला काय करू देणार आहेत, तुझा फोटो कुठे लावणार आहेत, आणि तू निघून आल्यावर त्या बायका कोणाकडे जाणार आहेत. तिने मन लावून ऐकलं. मला वाटलं, समजलं हिला.

ती गेली. तिथून आमच्या ग्रुपवर फोटो पाठवते. कुठल्याशा लाल मातीच्या अंगणात ती बाळ हातात घेऊन हसत उभी असते, मागे पाच-सहा बायका. सगळ्याजणी फोटोखाली लाल बदामाची खूण टाकतात. मीही टाकते.